डिपॉझिटसकट पाठिंबा

हरित उमेदवाराला महापालिकेत पाठवावं ही इच्छा साधारण चाळिशीनंतर, टेकडी उतरताना होते. सकाळची वेळ असते, गुडघे नुकतेच कुरकुरायला लागलेले असतात आणि पायथ्याशी कोणीतरी जेसीबी आणून उभा केलेला दिसतो. "कोणीतरी आवाज उठवायला पाहिजे," असं आपण सोबत्याला म्हणतो. मग पायथ्याशी लावलेली गाडी काढतो आणि दीड किलोमीटरवरच्या घरी जातो. ही लक्षणं तुमच्यात असतील तर घाबरू नका. असे बरेच जण आहेत आणि यावर इलाज आहे.

ही मार्गदर्शिका पुणे महापालिकेच्या मतदारांसाठी आहे. इतर गावांनी टेकडीच्या जागी आपापली खाडी किंवा तलाव घालून वाचावी. उद्दिष्ट तिहेरी आहे: आपला अंतरात्मा शांत झाला पाहिजे, उमेदवाराचं डिपॉझिट गेलं पाहिजे आणि आपल्या दुसऱ्या गाडीच्या पार्किंगला धक्का लागता कामा नये. तिन्ही एकदम साधायला थोडा सराव लागतो, पण आजवर पुष्कळांना जमलं आहे.

१. आधी निवडणूक आहे का ते पाहा

महापालिकेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते असं नवशिके समजतात. पुण्यात ती २०१७ च्या फेब्रुवारीत झाली आणि त्यानंतर थेट २०२६ च्या जानेवारीत. मधे, मार्च २०२२ पासून, सभागृह रिकामं आणि आयुक्त हेच प्रशासक. वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्षही आयुक्तच असतात. म्हणजे झाड तोडायचा प्रस्ताव ज्यांच्या खात्याकडून यायचा, त्यांच्याच सहीने तो मंजूर व्हायचा आणि मधे "अहो, पण" म्हणायला एकही नगरसेवक नाही. चहाचे किती कप वाचले असतील, विचार करा.

या चार वर्षांत पाठिंबादारांनी काय करायचं होतं? वाट पाहायची होती. पाठिंब्याच्या सर्व प्रकारांत सगळ्यात कमी कार्बन यातच जळतो.

ठरल्याप्रमाणे झालं तर पुढची निवडणूक २०३१ साली. तोवर प्रभागरचना बदलेल, आरक्षणाची सोडत निघेल आणि तुमचा उमेदवार ज्या ओढ्यासाठी पाच वर्षं राबला तो ओढा शेजारच्या प्रभागात जाईल. त्याला धीर द्या. "ओढा काय, वाहतच असतो," असं म्हणा.

२. खरा माल ओळखायला शिका

बाजारात हरित उमेदवार दोन प्रकारचे मिळतात. पहिला फ्लेक्सवर सापडतो: 'हरित प्रभाग, हाच आमचा ध्यास.' फ्लेक्स बहुधा झाडालाच ठोकलेला असतो, चांगले तीन इंची खिळे मारून. फोटोत एक रोप असतं आणि त्याला धरलेले डझनभर हात. रोपाचं पान दिसत नाही, अंगठ्या दिसतात. खड्डा गेल्या वर्षीचाच असतो, रोप तेवढं नवं. हा उमेदवार प्रकृतीला उत्तम. तो तुमच्याशिवायही निवडून येतो आणि आल्यावर तुम्हाला काही त्रास देत नाही.

दुसरा प्रकार हुडकावा लागतो. बहुधा त्या एक बाई असतात. आपण त्यांना ताई म्हणू. ताईंच्या खांद्याला एक जुनी पिशवी असते, पिशवीत महापालिकेचं अंदाजपत्रक आणि त्याच्या पानापानाला रंगीत चिठ्ठ्या. "कसं काय ताई?" एवढंच विचारलंत तरी पाच मिनिटांत 'स यादी' बाहेर निघते. स यादी म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांचा निधी. याच निधीतून आपल्या गल्लीत बाकडं येतं, बाकड्याच्या पाठीवर 'सौजन्याने' येतं, पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरं बाकडं येतं, मग पिशव्या, मग बादल्या आणि शेवटी चांगल्याभल्या डांबरी गल्लीवर काँक्रीट. तेवढ्यावर थांबल्या तर त्या ताई कसल्या? त्या 'वर्गीकरण' काढतात. वर्गीकरण म्हणजे एका कामाचे न खर्चलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं. पावसाळी गटाराला ठेवलेला पैसा स्वागत कमानीपर्यंत कोणत्या वाटेने पोचू शकतो, हे त्या तुम्हाला पान नंबरासह सांगतील.

ऐकताना जांभई आली? अभिनंदन, माल अस्सल आहे.

तरी शंका असेल तर एकच प्रश्न विचारा: "नदीचं काय?" पहिला उमेदवार म्हणेल, "साबरमतीसारखी करून दाखवतो." ताई आधी चष्मा पुसतील. मग सांगतील की नदीशुद्धीकरणाच्या ९९० कोटींच्या योजनेला केंद्राने २०१६ साली मंजुरी दिली, तीत मैलापाणी शुद्ध करणारे अकरा प्रकल्प व्हायचे होते, आणि ते सगळे पुरे होण्याआधीच ४४ किलोमीटर काठ सजवायचं काम सुरू झालं. आंघोळीच्या आधी पावडर. २०२३ च्या एप्रिलअखेर काठावरच्या झाडांना मिठी मारायला पुणेकर नदीकडे गेले, त्यात ताई होत्या. तुम्हीही होतात, म्हणजे तो फोटो तुम्ही लाइक केला होता.

३. चार मतांचं गणित समजून घ्या, म्हणजे नंतर कोणालाही दोष देता येतो

मुंबईत एका मतदाराला एक मत असतं. पुण्यात चार. शहरात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. चाळीस प्रभागांत चार-चार जागा, एकात पाच. प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड म्हणतात आणि मतपत्रिकाही रंगीत: पांढरी, फिकी गुलाबी, फिकी पिवळी, फिकी निळी. चारही बटणं दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. एखाद्या जागी कोणीच पसंत नसेल तर तिथे 'नोटा' दाबायचं.

शहरात मतदार ३५ लाखांवर, म्हणजे एका प्रभागाला सरासरी ८५ हजारांच्या आसपास. पक्ष चौघांचं पॅनल उभं करतो: भाऊ, अण्णा, ताई (आपल्या नव्हेत) आणि महिला राखीव जागेवर भाऊंच्या वहिनी. चौघांचे फोटो एका पत्रकावर, एक चिन्ह, एक गाणं, एक रिक्षा. आपल्या ताई क जागेवर एकट्या. अ, ब आणि ड मध्ये त्यांच्या विचाराचं कोणी नाही, कारण त्यांच्या विचाराची जी तीन माणसं आहेत त्यांचं आपापसात पटत नाही. एक म्हणतो आधी नदी, दुसरा म्हणतो आधी कचरा, तिसऱ्याला ताईंनी ग्रुपवरून काढलं होतं.

आता तुमचं काम सोपं आहे. पिवळ्या पत्रिकेवर ताईंना मत द्या. उरलेली तीन मतं मात्र वाया घालवू नका. ती टेकडीतून रस्ता काढू म्हणणाऱ्या पॅनलला द्या, कारण भाऊंनी मागे आपल्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक बसवून दिले होते आणि माणुसकी म्हणून काही असतं की नाही? एकाच बोटाने, एकाच मिनिटात, एकाच प्रभागातून टेकडी वाचवणारा एक आणि पोखरणारे तीन निवडणं, याला समतोल विकास म्हणतात.

"मग ताईंनी एखाद्या पक्षाचं तिकीट का घेऊ नये?" असा प्रश्न तुम्हाला पडेल. पडू दे. तिकीट म्हणजे एबी फॉर्म, आणि एबी फॉर्म म्हणजे काय चीज आहे ते गेल्या खेपेला पुण्याने पाहिलं. अर्जांच्या धामधुमीत एका उमेदवाराने प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म फाडून गिळला, अशी पोलिसांत तक्रार झाली. खरंखोटं तो जाणे आणि त्याचं पोट जाणे. पण ओल्या-सुक्याची भानगड न करता कागदाची जागच्या जागी विल्हेवाट लावण्याचं असं उदाहरण अख्ख्या पर्यावरण चळवळीत दुसरं नाही.

४. जाहीरनामा लिहून द्या

हे काम सुशिक्षित पाठिंबादारांनी अंगावर घ्यावं. ताईंच्या हातात राहिलं तर त्या एक पानी पत्रक काढतील आणि त्यावर 'प्रभागातले तीन ओढे, कुठे बुजले, कोणी बुजवले' असला भयंकर मजकूर टाकतील. असं होऊ देऊ नका. तुमच्यात एखादा आयटीतला असेलच, त्याला पीपीटी करायला सांगा. पहिल्या स्लाइडवर पृथ्वी, दुसरीवर ध्रुवीय अस्वल. 'नेट झिरो' हा शब्द पहिल्या पानावर तीनदा यावा. साल मात्र असं टाका की तोवर आपल्यापैकी कोणीही जाब द्यायला शिल्लक नसेल.

वगळायच्या गोष्टींची यादी पाठ करा, कारण ताई त्या मागच्या दाराने घुसवायला बघतात. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र वगळा, आंबील ओढ्याने घरं, गाड्या आणि माणसं नेली ती. २५ जुलै २०२४ वगळा. त्या दिवशी खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकहून जास्त पाणी सुटलं, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं आणि लष्कराला बोलवावं लागलं. ताई इथे हटकून पूररेषेवर घसरतात. म्हणतात, निळी रेषा ही पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिचा हिशोब ६० हजार क्युसेकचा. मग ३५ हजारांतच लोकांच्या स्वयंपाकघरात पाणी कसं आलं? पात्रात भराव कोणी टाकला? हा प्रश्न फार धोकादायक आहे, कारण तो लोकांना कळतो. एकतानगरीत ज्या बाईचा फ्रिज दोनदा भिजला तिला हवामान बदल समजावून सांगायला अस्वल लागत नाही. तिने ताईंना मत दिलं तर आपली मार्गदर्शिकाच बाद.

तेव्हा वस्तीत गेलात तर वितळत्या हिमनगांबद्दल बोला. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होतं, नळाला पाणी किती वाजता येतं, बस किती वाजता येत नाही, हे विषय भाऊंचे. ते त्यांनाच राहू द्या.

५. प्रचार: काय करावं, काय करू नये

२०२६ च्या खेपेला चिन्हवाटप ३ जानेवारीला झालं आणि १३ तारखेच्या संध्याकाळी प्रचार थांबला. म्हणजे अपक्षाच्या हातात दहा-अकरा दिवस. तेवढ्यात ८५ हजार माणसांना चिन्ह सांगायचं. चिन्ह तुम्ही निवडाल आणि तेच मिळेल, या भ्रमात राहू नका. ताईंनी झाड मागितलं तरी पदरात रोड रोलर पडू शकतो किंवा एअर कंडिशनर. पडलाच तर हसू नका. 'टेकडी वाचवा, रोड रोलरवर शिक्का मारा' हे गेटवर उभं राहून, गंभीर चेहऱ्याने, दिवसातून दोनशे वेळा म्हणायची तालीम करा.

समोरच्यांचा अभ्यासही करायला हवा. गेल्या निवडणुकीच्या आधी पुण्यात इच्छुकांनी काय काय काढलं होतं आठवा: जोडप्याने थायलंडची सहल, लकी ड्रॉमध्ये चारचाकी, एके ठिकाणी तर चक्क गुंठाभर जमीन. पैठण्यांचे खेळ तर विचारूच नका. यासमोर ताई काय ठेवणार? तुळशीचं रोप. संक्रांत मतदानाच्या आदल्या दिवशीच होती, म्हणजे हळदीकुंकवाच्या वाणाला केवढा वाव! पण प्रचार थांबलेला असताना वाण वाटणं आचारसंहितेत बसत नाही, असं ताईंनी स्वतःच सांगितलं आणि घरी बसल्या. अशा बाईला कोण निवडून देणार, सांगा.

एका आघाडीने त्या वेळी मेट्रो आणि पीएमपी मोफत करण्याचं आश्वासन दिलं होतं. सबंध निवडणुकीत हवेच्या कामाची म्हणता येईल अशी ही एकमेव मोठी घोषणा, तीही रेवडी म्हणून आली आणि रेवडी म्हणूनच गाजली. पैसे कुठून आणणार यावर आठवडाभर खल झाला. बस कुठून आणणार, हे कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्यांपैकी शेवटचं बसमध्ये कोण चढलं होतं?

ताईंच्या प्रचारात पुढील नियम कटाक्षाने पाळा. फ्लेक्स नको, तो प्लास्टिकचा. पत्रकं नकोत, ती झाडांची. गाडी नको, धूर. लाउडस्पीकर नको, ध्वनिप्रदूषण. फुलं नकोत, नदीत जातात. अशा रीतीने ताई कोणालाही कळू न देता पर्यावरणपूरक पद्धतीने प्रभाग पिंजून काढतील.

६. सोसायटीत सभा ठेवा

इथे तुमचं खरं कसब लागतं. सभा रविवारी सकाळी अकराला, पार्किंगमध्ये. गाड्या हलवायच्या नाहीत, खुर्च्या गाड्यांच्या मधे मांडायच्या. ताई एका पांढऱ्या एसयूव्हीच्या बॉनेटला टेकून बोलतील. बॉनेटवर वहीही ठेवतील, तेव्हा मालकाला पहिल्या रांगेत बसवा, म्हणजे ओरखडा पडतो का यावर त्याचं लक्ष राहील आणि भाषणाकडे जाणार नाही.

चेअरमन प्रास्ताविक करतील. ते नेहमी एकच वाक्य म्हणतात: "टेकडीला आमचा शंभर टक्के पाठिंबाच आहे. पण."

या 'पण'नंतर सभा सुरू होते. बालभारती ते पौड फाटा रस्ता झाला तर आपली वीस मिनिटं वाचतील, मग टेकडीच्या नुसत्या कडेकडेने नेता येणार नाही का? बोगदा काढला तर वरची झाडं तशीच राहतील ना? (ही शंका विचारणारे काका रोज पहाटे वेताळ टेकडीवर जातात आणि मोरांचे फोटो पाठवतात.) ताई पाणी मुरण्याबद्दल काही सांगायला लागतील. तेवढ्यात सेक्रेटरींनी उठून विचारावं, "मॅडम, ते राहू द्या, रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायला तुमचा पाठिंबा आहे म्हणे?"

इथे सभा जिंकली. ताई खोटं बोलू शकत नाहीत, हा त्यांचा राजकीय आजार आहे. त्या म्हणतील, "हो, आहे." पुढे हेही सांगतील की मुख्य सभेने पार्किंग धोरण २०१८ सालीच मंजूर केलं होतं, तेही नमुन्यादाखल मोजक्या रस्त्यांपुरतं, आणि ते वर्षानुवर्षं कागदावर राहिलं. सायकलींचा आराखडा तर त्याच्याही आदल्या वर्षीचा, डिसेंबर २०१७ चा. मग फुटपाथ, मग बस, मग पुन्हा फुटपाथ. तोवर चहा आलेला असतो. कागदी कप पाहून ताई नको म्हणतात, पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढतात आणि उरलासुरला जनाधारही तिथेच जातो. "चहासुद्धा घेतला नाही हो आमचा," हे वाक्य संध्याकाळपर्यंत तिन्ही विंगमध्ये पोचतं.

सभेच्या शेवटी सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात. ताईंसोबत फोटो काढावा. एसयूव्ही मागे दिसली तरी चालेल.

७. पैशाचं बघा

पुण्यासाठी उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा १५ लाख आहे. भाऊ तिला मर्यादा मानतात असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. ताई मात्र तिच्याकडे हिमालयाकडे पाहावं तसं पाहतात. खुल्या जागेचं डिपॉझिट ५ हजार. ते भरायच्या दिवशी त्यांना ५०१ रुपये पाठवा आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. खाली लिहा: 'खारीचा वाटा.' त्यानंतर तुम्हाला महापालिकेच्या कारभारावर पाच वर्षं बोलण्याचा नैतिक अधिकार मिळतो. या भावात दुसरं काहीही मिळत नाही.

८. कार्यकर्ते व्हा

ग्रुपवर अंगठा द्या.

९. मतदानाचा दिवस

२०२६ चं मतदान १५ जानेवारीला, गुरुवारी होतं. सरकारने सुट्टी दिली होती. आता अनुभवी पाठिंबादार काय करतो? शुक्रवारची रजा टाकतो. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. निसर्गावर खरं प्रेम असेल तर अशा वेळी निसर्गात जायला हवं. बुधवारी रात्रीच निघा, नाहीतर ताम्हिणीत अडकाल. दापोलीला समुद्रात पाय बुडवून उभे राहा, पाण्याची पातळी वाढते आहे का पाहा आणि ग्रुपवर लिहा: 'सर्वांनी आवर्जून मतदान करा. ताईच!'

ज्यांना रजा मिळाली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. केंद्राबाहेर भाऊंचं टेबल असतं. तिथे यादी, स्लिपा, वडापाव आणि सकाळी सातपासून बसलेली आठ पोरं. "काकू, तुमचं नाव दुसऱ्या मजल्यावर, खोली नंबर चार, या, मी धरतो हात." पोरगा काकूंना जिना चढवतो. या पोराला हवामान बदलातलं काही कळत नाही, पण कोणत्या काकूंचे गुडघे दुखतात ते त्याला माहीत आहे. ताईंचं टेबल पलीकडे, झाडाखाली. तिथे ताईंचे यजमान बसलेले असतात. यादी त्यांच्याकडेही आहे, पण चष्मा घरी राहिला आहे. त्यांना वडापाव देऊ नका, तो आचारसंहितेचा विषय होईल. सहानुभूती द्या.

शहरात मतदान साधारण निम्म्याच्या आसपास होतं, त्यामुळे तुम्ही गेलात तर तेवढ्यानेच थोरामोठ्यांत जमा होता. बोटाचा फोटो लगेच काढा. गेल्या वेळी मार्करची शाई पुसली जाते अशी राज्यभर ओरड झाली होती. शाईवर विसंबू नका, फोटो टिकतो.

१०. निकालानंतर

हरल्या तर सगळं नियमाप्रमाणे झालं. पराभवाचं विश्लेषण लिहायला घ्या. त्यात 'लोक अजून तयार नाहीत' हे वाक्य यायलाच हवं. लोक म्हणजे कोण, त्यात आपण येतो का, याचा खुलासा करायची प्रथा नाही. ताईंना नोटापेक्षा जास्त मतं पडली असतील तर 'लक्षणीय' म्हणा, कमी पडली असतील तर 'नैतिक विजय' म्हणा. मिरवणुकीचा आवाज येत असेल तर खिडकी लावून घ्या. जेसीबीच्या तोंडातून गुलाल उडवतात आणि तो आत येतो. तोच तो पायथ्याचा जेसीबी, त्याला बारमाही काम असतं.

आणि जिंकल्या तर? घाबरू नका, शांत डोक्याने पुढील सूचना वाचा.

पहिली गोष्ट, १६५ जणांच्या मुख्य सभेत ताई एकट्या आहेत. पैशाचे निर्णय घेणाऱ्या स्थायी समितीत सोळा जागा, त्या पक्षांच्या गटांना वाटून दिल्या जातात, आणि ताईंचा गट म्हणजे ताई. त्या प्रस्ताव मांडतील. प्रस्ताव तहकूब होईल, मग पुन्हा येईल आणि एक दिवस 'दप्तरी दाखल' होईल. ऐकायला हे बढतीसारखं वाटतं, पण त्याचा अर्थ विषय संपला. इथपर्यंत तुम्ही निर्धास्त राहा.

धोका पुढे आहे. ताई अंदाजपत्रक वाचतात हे एव्हाना तुम्हाला ठाऊक आहे. सहा महिन्यांत त्यांना स यादीचा निधी मिळेल आणि त्या तो पावसाळी गटारात, बसथांब्यावर आणि ओढ्याची मोजणी करण्यात घालतील. तुमच्या गल्लीत बाकडं येणार नाही. तेव्हा त्यांना ताबडतोब कामाला लावा. सकाळी फोन करा, रात्री फोन करा. अमुक जागी स्पीड ब्रेकर हवा, तमुक जागचा नको. शेजाऱ्याच्या कुंडीचं पाणी खाली पडतं. कचऱ्याची गाडी लवकर येते, मग उशिरा येते. विरंगुळा केंद्राला आमच्या आईचं नाव द्या. एका माणसाला सभागृहात उभं राहायला जेवढा वेळ आणि जेवढी झोप लागते, तेवढी काढून घेतली की वर्षभरात ताईही बाकडी बसवू लागतील. भाऊ पूर्वी असेच होते, असं जुने लोक सांगतात.

एवढं करूनही त्या बधल्या नाहीत तर शेवटचा उपाय करून पाहा. तुमच्या सोसायटीच्या दारात एक पर्जन्यवृक्ष असेल. त्याची पानं आणि पक्ष्यांची घाण तुमच्या गाडीवर पडते. तो काढायचा अर्ज करा. खाजगी आवारातलं झाड असलं तरी परवानगी लागते, तेव्हा अर्ज उद्यान विभागाकडे द्या, प्रत 'आपल्या' नगरसेविकेला द्या आणि सोबत आपण प्रचारात होतो याची आठवण देणारा तो पार्किंगमधला फोटो जोडा. विषयात 'धोकादायक' हा शब्द घाला. 'पावसाळ्यापूर्वी' घातलंत तर अधिक चांगलं. झाडाच्या वयाचा रकाना मात्र जपून भरा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावावी लागतात, आणि पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं. त्यामुळे झाड पानशेतच्या पुराआधीचं असलं, तुमच्या वडिलांनी त्याच्या सावलीत पहिली स्कूटर लावलेली असली, तरी रकान्यात लिहा: अंदाजे आठ वर्षे.